रुळाल हळूहळू

४ फेब्रुवारी

मुलीचा हुकूम आहे की लिहा. काल फोनवर तिच्यापाशी जरा मन मोकळं केलं, तर म्हणाली, "बाबा, आईचं डोकं खाऊ नका आणि माझंही खाऊ नका. एक डायरी घ्या आणि काय ते त्यात लिहून काढा." ती दुसऱ्या शहरात शिकायला असते, होस्टेलवर मजेत. बापाच्या दोन तक्रारींनी तिच्या डोक्याचं काय होणार होतं कोण जाणे. पण घेतली डायरी.

तर तक्रार पहिली. मी इथं का आहे?

बायकोला नोकरी लागली म्हणून. ती नर्स आहे. आमच्या गावातल्या छोट्या दवाखान्यात इतकी वर्षं इंजेक्शनं दिली, पट्ट्या बांधल्या, सगळं छान चाललं होतं. मग या शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं. ऑपरेशन विभागाची मुख्य नर्स. नर्सिंग ती इथंच शिकली होती, त्यामुळे जुनी ओळख होती. दुकानात येऊन म्हणाली, "मी हो म्हटलंय." म्हणजे विचारलं नाही, सांगितलं. मी आपला पान्हा हातात घेऊन दुकानातली खुर्ची दुरुस्त करत होतो, तसाच बसून राहिलो.

माझं सलून आहे. वडिलांचं. दोन खुर्च्या, एक माझी, एक धाकट्या भावाची. माझ्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक भावाच्या खुर्चीत बसत नाही, अशी ख्याती. ती खुर्ची रिकामी टाकून आलोय. बायकोला म्हटलं, "महिना-दोन महिने बघू. मार्चअखेर ठरवू." ती म्हणाली, "बघा." बघा काय बघा. खिडकी उघडली तर समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते, तिच्यात एक माणूस सकाळ-संध्याकाळ दात घासत असतो. हेच बघायचं का?

पाण्याला चव नाही. असली तर गंजाची आहे.

६ फेब्रुवारी

लिफ्टपाशी खालच्या मजल्यावरचे काका भेटले. रिटायर माणूस, हातात कायम एक पिशवी, बहुधा रिकामी. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "नवीन दिसताय. इकडे कसे काय?"

आता काय सांगणार? बायकोच्या मागे आलो? तोंडातून निघून गेलं, "डॉक्टर म्हणाले हवापालट करा."

"हवापालटाला इथं?" काकांनी बाहेरच्या धुरकट आभाळाकडे पाहिलं. पण सभ्य माणूस, पुढे खोदून विचारलं नाही.

संध्याकाळी वाण्याने तोच प्रश्न विचारला. त्याला म्हटलं, मुलीच्या शिक्षणासाठी. मुलगी इथं नाहीच, हे दुकानातून बाहेर पडल्यावर लक्षात आलं. या शहरात सगळ्यांना एकच काम आहे का? इकडे कसे काय, इकडे कसे काय. आमच्या गावात मला असं कुणी विचारलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

परतताना गेटपाशी काका-काकू भेटले. मग मीही काकांना उलट विचारलं, तुम्ही कसे आलात. तर त्यांनी गेटपासून सुरू केलं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत. ऑफिसची बदली, मग दुसरी बदली रद्द कशी करून घेतली, साहेब कसा होता, सगळं. काकू बाजूला भाजीची जुडी घेऊन उभ्या होत्या. त्यांना विचारायचा प्रश्न नव्हता, त्या लग्न होऊन आलेल्या.

१० फेब्रुवारी

घरात बसून जीव गेला असता म्हणून काम शोधलं. चौकात एक सलून आहे, काचेचं. मालकीणबाई आहेत, पस्तिशीच्या, केस माझ्याहून बारीक. मी म्हटलं, वडिलांपासूनचा धंदा आहे, हातात कात्री घेऊनच जन्मलो. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, पण इथं एक नियम आहे. आधी विचारायचं. कसे कापू, किती कापू, कानाजवळ कसं ठेवू. मग हात लावायचा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

आमच्याकडे गिऱ्हाईक बसलं की कपडा टाकायचा, मान धरायची आणि सुरू. डोकं बघून कळतं. वडील म्हणायचे, विचारतो तो शिकाऊ. त्यांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाला कसे कापू म्हणून विचारलं नाही, आणि एकही माणूस दुकानातून नाराज गेला नाही. निदान तसं बोलला तरी नाही.

पण गरजवंताला अक्कल नसते. हो म्हणालो. काळा एप्रन दिलाय, त्यावर माझं नाव नाही, दुकानाचं आहे.

११ फेब्रुवारी

पाणी गेलं होतं. आलं. चव तीच.

१५ फेब्रुवारी

हे लोक डोकं घेऊन येत नाहीत, मोबाइल घेऊन येतात. त्यात कुणाचा तरी फोटो असतो आणि म्हणतात, असं करा. अरे बाबा, त्याचं कपाळ बघ, तुझं कपाळ बघ. आणि बसल्यावर मान खाली, नजर मोबाइलमध्ये. मी मान वर करतो, ती खाली जाते. मी वर, ती खाली. दिवसभर हातपंप मारल्यासारखं वाटतं.

शेजारच्या खुर्चीवर एक उंच पोरगा काम करतो. पोरगा म्हणजे तिशीचा आहे. त्याला सगळे लांब्या म्हणतात. दुपारी गर्दी नसते तेव्हा त्याला म्हटलं, तू का आलास रे तुझं गाव सोडून? तर म्हणतो, "माझा बाप रिक्षाला भोंगा लावून जाहिराती ओरडायचा. सगळं गाव मला भोंग्या म्हणायचं. दहावी पास झालो तरी भोंग्या, मिशी आली तरी भोंग्या. इथं कुणी ओळखत नाही. मस्त आहे."

"लांब्या म्हणतात की."

"ते मी स्वतः उंच आहे म्हणून. बापामुळे नाही."

हे कारण? बिल्डिंगच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणे, भावाने घराच्या मधोमध भिंत घातली, रोज उठून ती भिंत बघायची जिवावर यायला लागलं. मालकीणबाईंना विचारायचं धाडस केलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बाईने पुरुषांच्या डोक्याला हात लावलेला चालत नव्हता. मला तर तेच काम येत होतं." एवढं बोलून नळाखाली कंगवे धुवायला लागल्या.

म्हणजे बघा. कुणी नावासाठी, कुणी भिंतीसाठी, कुणी कात्रीसाठी. मला वाटायचं माणसं गाव सोडतात ती पोटासाठी. पण प्रत्येकाकडे निदान स्वतःचं एक कारण आहे. मी एकटाच दुसऱ्याच्या कारणाने आलेला.

१९ फेब्रुवारी

बायकोची जुनी मैत्रीण आली होती. दोघी इथंच नर्सिंगला बरोबर होत्या. आल्या आल्या हिला मिठी मारली आणि मग लांब धरून म्हणाली, "हे काय गं? तू आणि अंबाडा!"

मी म्हटलं, केस चांगले राखलेत हो. दर दोन महिन्यांनी शेंडे मीच कापतो, लग्न झाल्यापासून. एक बोट, ना कमी ना जास्त. घरचाच कारागीर. मैत्रीण माझ्याकडे बघून म्हणाली, "हो का." काही लोकांना कारागिरीची कदर नसते.

मग दोघींच्या जुन्या गप्पा सुरू झाल्या. कोण मेट्रन होती, कोण ऑपरेशनच्या वेळी चक्कर येऊन पडायची. ही इतकी हसत होती की मी आतून दोनदा डोकावून गेलो. मैत्रीण म्हणाली, "सहा महिन्यांत येते म्हणून गेलीस. तुझी जागा ठेवली होती मॅडमनी. तुझा पांढरा कोट माझ्या कपाटात होता, पार पिवळा पडेपर्यंत." ही म्हणाली, "अगं, चहा घे, गार होतोय."

हिला वस्तू विसरायची सवय पहिल्यापासून आहे असं दिसतं. आमच्याकडे आल्यावरही सुरुवातीला फार विसरायची. दूध उतू घालायची, मागच्या अंगणात जाऊन उभी राहायची आणि कशाला आली होती तेच विसरायची. आई म्हणायची, रुळेल हळूहळू. मी म्हणायचो, स्वभावच गप्प दिसतो. कमी बोलणारी बायको मिळाली म्हणून मित्र माझा हेवा करायचे.

आज कळलं की ही हसते मोठ्याने. शेजारच्या फ्लॅटपर्यंत जात असेल आवाज.

२३ फेब्रुवारी

आज कपाळाला हात लावायची वेळ आली.

सकाळी एक माणूस आला. चाळिशीचा, नीटनेटका, शर्ट खोचलेला. केस मात्र असे की कानांवरून खाली लोंबतायत. एवढा सभ्य माणूस आणि डोक्यावर छप्पर. मालकीणबाई फोनवर होत्या. मी कपडा टाकला, मान धरली आणि सवयीने सुरू केलं. कसे कापू वगैरे काही आठवलं नाही. हात चालायला लागला की मला काही आठवत नाही.

उजवी बाजू झाली. डावीकडे केस उचलून कात्री मारली आणि खाली कान अर्धाच. वरचा भाग नव्हताच. जुनं भाजल्यासारखं काहीतरी. तोवर केस गेले होते.

आता अर्धं डोकं कापून थांबणार कसं? उरलेलं पूर्ण केलं. त्याने आरशात पाहिलं. उठला, कपडा स्वतःच घडी करून खुर्चीवर ठेवला, खिशातून रुमाल काढून डाव्या कानावर धरला आणि गेला. दात दुखत असल्यासारखा.

मालकीणबाई म्हणाल्या, "विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "केस कापायलाच आला होता ना? कापले. त्याला तोंड होतं, सांगायचं."

"मी काय विचारलं?"

"नाही विचारलं."

त्यानंतर दिवसभर माझ्याकडे एकही डोकं दिलं नाही. फरशी झाडली. या वयात.

२४ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. वाटलं, बाजू घेईल. ही डबा भरत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो उठून का नाही गेला मध्येच?"

"तेच तर मी म्हणतो."

"नाही, मी खरंच विचारतेय. तुमची मान कुणीतरी धरलीय, कात्री चालू आहे. कसं उठायचं?"

हे बरं आहे. बायको माझी आणि वकिली त्याची. डबा घेऊन गेली कामाला. जाताना पायरीवर गुणगुणत होती, हेही लिहून ठेवतो.

२ मार्च

ताकाला जाऊन भांडं लपवलं की काय होतं ते आज कळलं. गेटपाशी खालचे काका, वाणी आणि वॉचमन एकत्र उभे होते. मी आपला पिशवी हलवत चाललो होतो. वाणी म्हणाला, "मुलीचं कॉलेज काय म्हणतं?" काका म्हणाले, "कॉलेज? यांना तर हवापालट सांगितलाय." वॉचमन म्हणाला, "मला तर म्हणाले, मोठं सलून टाकायला जागा बघतोय." तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "तिन्ही."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या हो. होतं असं नवीन जागी. रुळाल हळूहळू."

तळपायाची आग मस्तकात गेली. रुळायला मी काय नवी नवरी आहे? पन्नाशी आली माझी. माझ्या हाताखालून गावातली चार डोकी नाही, अख्खी वस्ती गेली. मला कोण रुळवणार? घरी येऊन हिला सांगितलं तर ही भांडी घासता घासता थांबली. "रुळाल म्हणाले?" म्हणाली, आणि अशी हसली की हातातली वाटी पडली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं मला अजून कळलेलं नाही.

८ मार्च

भावाचा फोन. "दादा, राग मानू नकोस. बाजारपेठेतला तो दुसरा सलूनवाला आपल्याकडे यायला तयार आहे. चांगला हात आहे त्याचा. पण त्याला खुर्ची लागणार. तुझी. महिनाअखेरीला येतोस का नाही ते नक्की सांग, म्हणजे मी त्याला हो किंवा नाही म्हणेन."

"माझ्या खुर्चीत तो गिऱ्हाईक बसवणार?"

"दादा, गिऱ्हाईक येतं, रिकामी खुर्ची बघतं आणि परत जातं. मी किती दिवस सांगू, येईल, येईल?"

खरं आहे त्याचं. म्हणूनच जास्त राग आला.

९ मार्च

हिला म्हटलं, "मी परत जातो. मला इथं जमत नाही. दुकान जाईल हातातलं."

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर भांडेल. दोन्हींची तयारी करून बसलो होतो. ही युनिफॉर्मला इस्त्री करत होती. बाही पूर्ण केली, दुसरी घेतली. म्हणाली, "जा. मी राहते."

"राहते म्हणजे?"

"म्हणजे इथं राहते. सुट्टी मिळेल तशी येईन. तुम्हीही या."

"एकटी राहशील?"

"हो."

एक शब्द जास्त नाही. थांबा नाही, विचार करा नाही. एवढ्या वर्षांच्या संसाराची किंमत दोन बाह्यांना इस्त्री होईपर्यंतची. मी रात्री जेवलो नाही. हिने दुसऱ्यांदा विचारलंही नाही, ताट झाकून ठेवलं. शेवटी मीच उठून खाल्लं, कारण भुकेपुढे मान कुठला.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई तुम्हाला थांबवणार नाही, बाबा."

"का पण?"

"तिला माहितीय, कुणी ओढून नेलं की कसं वाटतं."

मी म्हटलं, हिला कुणी ओढून नेलं होतं? मुलगी म्हणाली, मला अभ्यास आहे. आजकालची मुलं अर्धवट बोलतात आणि फोन ठेवतात.

१४ मार्च

तो माणूस परत आला. कानवाला. डोक्यावर टोपी. आता केस जरा वाढलेत, पण कान झाकायला अजून वेळ आहे. मागची मान नीट करून घ्यायची होती. माझी खुर्ची रिकामी होती, तरी लांब्याची रिकामी होईपर्यंत उभा राहिला.

मला राहवलं नाही. बाहेर निघाला तेव्हा दारात गाठलं. म्हटलं, "साहेब, त्या दिवशी चुकलंच माझं. पण तुम्ही एक शब्द बोलायचा होतात."

माणूस चांगला आहे. चिडला नाही. म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही विचाराल. सगळीकडे विचारतात. आणि मग तुम्ही सुरूच केलंत. एकदा सुरू झाल्यावर काय सांगणार? अर्धं डोकं घेऊन कुठे जाणार?" टोपी नीट केली आणि पायऱ्या उतरून गेला.

त्यानंतर आलेल्या प्रत्येक माणसाला मी विचारलं. एक म्हणाला, मागून कमी, वरून राहू द्या. एक म्हणाला, तुम्हाला वाटेल तसं करा. या दुसऱ्याचीच मला जास्त भीती वाटली. त्याला तीनदा विचारलं, शेवटी कंटाळून त्याने खरं काय ते सांगितलं. त्याला भांग उजवीकडून हवा होता. वर्षानुवर्षं सगळे न्हावी डावीकडून पाडत आलेले, आणि हा घरी जाऊन ओला कंगवा फिरवत बसायचा.

वडील म्हणायचे, विचारतो तो शिकाऊ. असू दे.

२० मार्च

परवाच्या बसचं तिकीट काढलं. भावाला अजून कळवलेलं नाही, तिथं जाऊनच उभा राहीन.

बॅग भरायला घेतली तर आणलेल्यापेक्षा सामान जास्त झालंय. एवढ्यात काय घेतलं मी? एक छत्री, पाण्याचं फिल्टर, आणि काकांनी दिलेली एक पिशवी.

२१ मार्च

हे सगळं नीट लिहायचं आहे.

आज हिची सुट्टी होती. उद्या निघायचं म्हणून मी म्हटलं, चल, जाण्याआधी तुझे शेंडे कापून जातो. परत कधी येणं होतंय कोण जाणे, आणि इथल्या लोकांच्या हातात तुझे केस द्यायला नकोत. ही आली. गॅलरीत स्टूल ठेवलं. हिने अंबाडा सोडला, मी खांद्यावर जुनी चादर टाकली. केस विंचरले. कंबरेपर्यंत येतात. काळ्यात आता बरेच पांढरे.

कात्री उचलली. आणि गेले काही दिवस जे तोंडात बसलंय ते निघून गेलं. "किती कापू?"

मला वाटलं हिला ऐकू गेलं नाही. परत म्हटलं, "किती कापू?"

समोरच्या खिडकीतला माणूस दात घासून आत गेला. ही तशीच बसलेली, पाठ ताठ. मग चादरीखालून हात काढला आणि स्वतःच्या मानेवर ठेवला. कानाच्या पाळीच्या जरा खाली. म्हणाली, "इथपर्यंत."

मी म्हटलं, "थट्टा करतेस?"

"नाही."

"एवढे केस?"

"लग्नाआधी एवढेच होते. ऑपरेशनच्या टोपीत नीट बसायचे. मानेला वारा लागायचा."

"मग वाढवलेस कशाला?"

"आई म्हणाल्या, आपल्याकडे असे चालत नाहीत. आणि मग तुम्ही शेंडे कापायला लागलात."

"अगं, मग मला सांगायचंस ना. मी काय नाही म्हणालो असतो?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

आवाज चढवून नाही म्हणाली. आज वार कोणता आहे हे सांगावं तसं म्हणाली. मी कात्री हातात धरून उभा. रागही आला मला, खोटं का लिहू. एवढी वर्षं मी एक बोट मोजून कापत होतो, वस्तीतल्या कुठल्या बाईचे केस असे राखले होते? मित्रांत सांगायचो. आणि ही म्हणते विचारलं नाही. मी त्या कानवाल्या माणसाला म्हटलं तेच हिला म्हणणार होतो, तुला तोंड होतं. पण त्याने दारात दिलेलं उत्तर आठवलं आणि ते तोंडातच राहिलं.

मग विचारलं, "मागून सरळ ठेवू की थोडे गोल?"

"थोडे गोल."

"कानावरून पुढे?"

"मागे. कान दिसू देत."

कापले. मुठीत केस धरून कात्री घातली. सावकाश कापले, प्रत्येक बाजूला थांबून विचारत. ही प्रत्येक वेळी उत्तर देत होती. जरा कमी. अजून थोडं. बस, एवढं. आमचं इतकं बोलणं आजवर कधी झालं नसेल.

झाल्यावर आरसा दिला. हिने डोकं डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. मानेवर हात फिरवला. मग चेहऱ्यावर चादरीचं टोक धरलं आणि रडली. आमच्या अंगणात कशाला आले हे विसरून उभी राहायची तेव्हा तोंड भिंतीकडे असायचं. मी समोरून कधी पाहिलंच नव्हतं.

मी झाडू आणला. केस गोळा करता करता म्हटलं, "मी जाऊ का?"

"बॅग भरून झाल्यावर विचारताय?"

"हो. आताच शिकलोय. मी जाऊ का?"

तिने नाक पुसलं. "नका जाऊ."

घ्या. दोन शब्द. नऊ तारखेलाच बोलली असती तर मी तिकिटाच्या रांगेत उन्हात उभा राहिलो नसतो. पण तेव्हा मीही विचारलं नव्हतं, फक्त जातो म्हणालो होतो.

२२ मार्च

भावाला फोन केला. म्हटलं, त्याला हो म्हण. भाऊ म्हणाला, "दादा, तुझी खुर्ची आतल्या खोलीत ठेवतो, त्याला नवी घेऊ." मी म्हटलं, नको, तीच दे त्याला. फक्त त्याला सांग, पान्ह्याने डावा पाय दर महिन्याला आवळावा लागतो, नाहीतर कलते. फोन ठेवून तिथंच फरशीवर बसलो. हिने विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, काही नाही. मग म्हटलं, खुर्ची. ही येऊन शेजारी बसली. बराच वेळ उठली नाही.

पाण्याची चव अजून तशीच आहे.

२७ मार्च

सकाळी लिफ्टमध्ये काका-काकू. काकांनी पिशवी सावरली आणि म्हणाले, "काय, रुळलात का?"

"नाही," म्हटलं. "आणि काका, हवापालट वगैरे काही नव्हतं. बायकोला इथं मोठी नोकरी लागली. मी तिच्यामागे आलो."

"अच्छा," काका म्हणाले. आभाळ कोसळलं नाही. लिफ्ट आपली खाली चालली होती.

काकू कोपऱ्यात नेहमीसारख्या उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे वळून विचारलं, "काकू, तुम्ही इकडे कशा आलात?"

काकाच म्हणाले, "ती? ती लग्न होऊन..."

"नाही, म्हणजे कशा आलात? कुठून निघालात, कसं वाटलं?"

काकूंनी आधी मागे पाहिलं, की मी दुसऱ्या कुणाला विचारतोय का. मग म्हणाल्या, "बसने आले. गाडी लागली होती मला. आमच्या घरासमोर एक तळं होतं, मी पोहायचे त्यात. पहाटे. सगळ्यांच्या पुढे असायचे." लिफ्ट तळाला पोहोचली, दार उघडलं. कुणी बाहेर पडलं नाही. दार लागलं आणि वरून कुणीतरी बटण दाबलं असावं, आम्ही परत वर निघालो. काकू बोलत होत्या. तळ्याबद्दल, एका मोठ्या बहिणीबद्दल, इथं आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात बादलीत हात बुडवून बसायच्या त्याबद्दल.

मला सलूनला उशीर होत होता. पण काका हातातली पिशवी खाली ठेवून ऐकत होते, आणि त्यांच्याकडे बघून वाटलं, हे त्यांनाही नवीनच होतं.